जोडीतली दुसरी स्प्रिंग

मिस्त्रींना दार आज, आत्ता, समोर येईल ते पहिलं घ्यायचं होतं. बत्तीस वर्षं लोकांच्या गॅरेजांना दारं बसवली या माणसाने. "घाई करू नका, दार काय रोज बदलायची वस्तू आहे का?" असं गिऱ्हाइकांना बजावून बजावून घसा कोरडा केला. आणि तोच माणूस दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या एका पांढऱ्या दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "हे चांगलंय. हेच टाकू."

"अहो बाबा, जरा बघू तरी द्या," लेक म्हणाली. "आत्ता कुठे आलोय आपण."

उजवा हात स्वेटरच्या खिशात घालून मिस्त्रींची बायको दारांच्या रांगेपाशी गेली आणि डाव्या हाताने पहिल्या दाराचा पत्रा वाजवून पाहू लागली.

घाई कशाची होती ते एकट्या मिस्त्रींना ठाऊक. नवं दार ठरलं की उद्या जुनं उतरणार, भंगारात जाणार, आणि त्याच्या चौकटीच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या दोन स्प्रिंगाही जाणार. उजवी चकचकीत, नवी. डावी गंजलेली आणि मधोमध तुटलेली. जाणत्या माणसाने एक नजर टाकली असती तर सगळं उघड झालं असतं. पण गेल्या तीन महिन्यांत कुणी जाणता त्या गॅरेजकडे फिरकला नव्हता, आणि घरात जो जाणता होता तो मूग गिळून बसला होता.

त्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नाही. तिथे बायकोचं शिलाई मशीन होतं आणि कापड बेतायचं लांबलचक टेबल. रोज सकाळी ती खालची कड धरून दार उचलायची, अख्खं पान वर जाऊन छताखाली आडवं व्हायचं, आणि टेबलावर उजेड पडायचा. त्या उजेडात तिने अर्ध्या गल्लीचे कपडे शिवले. कापडावर कात्री चालवताना तिला कधी खडूची दुसरी रेघ मारावी लागली नाही.

मागे उजवी स्प्रिंग ढिली पडली तेव्हा मिस्त्रींनी नवी जोडी आणली. स्प्रिंग बदलायची तर दोन्ही बदलायच्या, हे त्या धंद्यातलं पहिलं अक्षर. एकच बदलली तर भार सारखा राहत नाही आणि जुनी एक दिवस दगा देते. मिस्त्रींनी हाताखालच्या किती माणसांना यावरून फैलावर घेतलं असेल, त्याला गणती नाही. पण उजवी बसवून झाली तेव्हा कंबर भरून आली होती, जेवायची वेळ टळून गेली होती. त्यांनी डावीवर बोटाने टिचकी मारली, "हिच्यात जीव आहे अजून," म्हणाले आणि जोडीतली दुसरी खोक्यासकट वरच्या फळीवर रंगाच्या डब्यांमागे ढकलून दिली. परक्याचं घर असतं तर केलं नसतं. स्वतःचंच होतं, म्हणून चाललं.

त्यानंतर पाचव्या महिन्यात डावी तुटली. दार एका अंगाने खाली आलं, आणि बायकोचा उजवा हात कडेखाली सापडला. तीन बोटं गेली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मिस्त्रींच्या तोंडाला जे आधी आलं ते त्यांनी सांगून टाकलं. "हिने एका कडेने ओढलं असणार. शंभरदा सांगितलंय, मधोमध धर म्हणून." वेळ मारून नेली म्हणा ना. पण मग तेच लेकीला सांगावं लागलं, मेहुणीला सांगावं लागलं, शेजारपाजारी सांगावं लागलं. दर वेळी बायको शेजारीच बसलेली असायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माझंच चुकलं म्हणतात." त्यातलं 'म्हणतात' मिस्त्रींनी कधी मनावर घेतलं नाही.

दुकानातली बाई कमरेला मापाची टेप लावून आली. हुशार होती, बोलायला गोड होती. "काकू, हे दार उघडलं की थोडं बाहेर डोकावतं. आणि हे रुळांवरून पूर्ण आत जातं. समोर जागा कमी असेल तर हे घ्या."

"जागेचं काही नाही," मिस्त्री मध्येच म्हणाले. "पांढरं काय वाईट आहे?"

"यात स्प्रिंग कुठे असते?" बायकोने विचारलं.

बाईने वाकून दाखवलं: दोन्ही बाजूंना, बंद नळीत. मग सहज म्हणाली, "जुन्या दाराचं काय झालं होतं?"

"आईने एका बाजूने ओढलं," लेक म्हणाली. "आणि ते खाली आलं. तिला ना, सगळ्यात घाई."

बाईच्या कपाळावर आठी पडली. "एका बाजूने ओढल्याने दार पडत नाही हो. फार तर वाकडं होतं, अडकून बसतं. पडतं ते स्प्रिंग तुटली तर. दोनांतली एकच बदलली होती का कुणी?"

तोंड उघडायची हीच वेळ होती. मिस्त्रींना ते कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं. दोन शब्दांचं काम होतं. लेक त्यांच्याकडे बघत होती, कारण दारांबद्दल या घरात तेच बोलायचे.

"जुनं झालं होतं दार," ते म्हणाले. "सगळंच जुनं झालं होतं."

बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. कापड पुरेल की नाही हे ती जशी नजरेने जोखायची, तसं पाहिलं. मग बाईकडे वळून म्हणाली, "मला असं दार द्या, ज्याला घरचं कुणी पाना लावणार नाही."

बाई हसली. "मग हे मोटरवालं घ्या. सगळं सीलबंद येतं. घरच्यांनी खोललं तर आमची जबाबदारी संपली."

"हेच द्या."

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. त्यांना पसंती कुणी विचारली नव्हती, पण आता त्यांना काय हवं होतं? उद्या भंगारवाला, की संपलं. मग सगळी माया लावायची तिला, असं त्यांनी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. भाजी चिरून देऊ, वेणी घालायला शिकू.

बायको फॉर्मवर सही करत होती, डाव्या हाताने. एकेक अक्षर गिरवत होती, आणि शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं.

"उद्या आमची माणसं येऊन जुनं उतरवतील," बाई म्हणाली. "त्यातलं काही ठेवायचंय?"

"काही नाही. सगळं न्या," मिस्त्री म्हणाले.

"एक वस्तू आहे," बायको म्हणाली. "वरच्या फळीवर, रंगाच्या डब्यांमागे. नवीकोरी स्प्रिंग आहे, खोक्यातली. जोडीतली दुसरी. ती घेऊन जा. कुणाच्या दाराला एकच नवी बसवलेली दिसली, तर त्यांना द्या."

बाईने पेन खाली ठेवलं. तिला कळलं होतं, आणि तिने नजर फॉर्मवरच ठेवली.

"कसली स्प्रिंग, आई?" लेकीने विचारलं.

मिस्त्री बायकोकडे वळले. "कधी... कधी सापडली तुला?"

"इस्पितळातून घरी आले त्याच आठवड्यात. हात पुसायला जुनं फडकं शोधत होते."

म्हणजे तीन महिने. मेहुणी आली तेव्हा तिला माहीत होतं. शेजारीण रडली तेव्हा माहीत होतं. मिस्त्री "शंभरदा सांगितलंय हिला" म्हणायचे आणि ती चहाचा कप डाव्या हाताने पुढे करायची, तेव्हाही माहीत होतं. मिस्त्रींना तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते," ती म्हणाली. "वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील."

"बाबा, काय बोलतेय ही?" लेकीचा आवाज चढला. "कसली जोडी? कुणी काय बसवलं होतं?"

बायकोने उजवा हात स्वेटरच्या खिशातून काढला आणि फॉर्मच्या शेजारी टेबलावर ठेवला. घराबाहेर तो हात तिने आज पहिल्यांदाच काढला होता.

"सांगा तिला," ती म्हणाली. "विचारतेय ना ती."