वळणावरची दोन हात जागा

सकाळी आठची उतारूंची सर्व्हिस मोटार घेऊन तुळशीराम म्हसळ्याकडे निघायचा. बाजाराच्या टोकाचं डावं वळण जवळ आलं की त्याच्या मानेला घाम सुटे. महिन्यापूर्वी असं होत नव्हतं.

वळणावर डाव्या हाताला नारळीच्या वाडीच्या कुंपणाचा दगडी गडगा, उजव्या हाताला दुकानांच्या पायऱ्या. मधल्या चिंचोळ्या रस्त्यातून मोटार, बैलगाड्या आणि सायकली सगळंच जायचं. इथेच धर्माजी कोळी पडला होता. साठीचा माणूस, सायकलच्या कॅरियरवर मासळीची पाटी बांधून तो आतल्या गावांत विकायला जाई. त्या दिवशी मागून तुळशीरामची मोटार आली, हॉर्न वाजला, धर्माजी गडग्याच्या कडेला सरकला आणि दुसऱ्याच क्षणी खाली कोसळला. उजवं मनगट मोडलं.

"मासळीचं पाणी सांडलंय इथं, त्यावर चाक घसरलं," जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं. धर्माजीला स्वतःला काहीच कळलं नव्हतं. त्यानेही होकाराची मान हलवली.

तुळशीरामला मात्र कळलं होतं. मोटार वळताना तिचं मागचं अंग आत गेलं होतं, आणि पाटी पत्र्याला घासल्याचा आवाज त्याने ऐकला होता. तो उतरून धावत आला, सांगायला तोंड उघडलं, आणि लोकांचं बोलणं ऐकून मिटलं.

"मालक एका दिवसात घरी बसवतील," कंडक्टर रतन त्याला त्याच दुपारी म्हणाला. "म्हातारा जिता हाय ना? मग गप ऱ्हा."

तुळशीराम गप्प राहिला. पण जेवण जाईना. बायको गोदूने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा तिने नुसतं ताट उचललं.

त्यात नगरपालिकेत सायकलींचा विषय निघाला. गेल्या दोन वर्षांत गावात सायकली पुष्कळ झाल्या होत्या. मास्तर, पोस्टमन, कोळी, हायस्कूलची पोरं. ओव्हरसिअर गुणाजीरावांनी नकाशा काढला होता: वाडीचा गडगा मागे घ्यायचा, कडेला चुना लावलेले दगड रोवायचे आणि आतली पट्टी फक्त सायकलींना ठेवायची. अध्यक्षांना ते पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, सकाळी आठ ते अकरा बाजारातून सायकल बंदच करावी. ज्याला जायचं त्याने बंदराच्या वाळूतून ढकलत न्यावी. गुरुवारी सभेत निकाल लागणार होता आणि साक्षीला मोटारीच्या ड्रायव्हरला बोलावलं होतं.

गुरुवारी चार वाजता तुळशीराम कचेरीच्या ओट्यावर पोचला, तर तिथे धर्माजी बसलेला. हात गळ्यात बांधलेला. शेजारी त्याची बायको आवडाबाई.

"दुखतंय का, काका?" तुळशीरामने विचारलं.

"हात बरा व्हईल," धर्माजी म्हणाला. "पन सायकल आता भाच्याला देऊन टाकतो. तोल गेला माझा. चाळीस वर्सं होडीत उभा ऱ्हायलो, कंदी पडलो न्हाय. आता सपाट रस्त्यावर पडलो. वय झालं."

"रातचे उठून बसतात," आवडाबाई म्हणाली. "हात पुढं धरून बघतात, थरथरतो का ते."

तुळशीरामला तिथून पळावंसं वाटलं. तेवढ्यात शिपायाने त्याच्या नावाचा पुकारा केला.

आत टेबलाभोवती अकरा सभासद बसले होते, कोपऱ्यात नकाशा घेऊन गुणाजीराव. मोटारीचे मालक भिंतीपाशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी तुळशीरामकडे बघून हलकेच मान डोलावली.

"सायकलवाले मोटारीच्या आड येतात, खरं ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"येतात, साहेब." तुळशीरामने मालकांवरून नजर काढली. "पन धर्माजीकाका आडवे आले नव्हते."

"मग?"

"ते गडग्याला चिकटून होते. त्यांच्या पलीकडं जागाच नव्हती. मोटारीचा मागचा पत्रा त्यांच्या पाटीला लागला. मी आवाज ऐकला. ते घसरले न्हाईत. मी पाडलं त्यांना."

मालक उभे राहिले. "काय बोलतोस ते कळतंय का तुला?"

"व्हय, शेठ." आता थांबणं जमेना. "मी कितीबी हळू घेतली तरी या वळणावर मागचं चाक आत जातंच. रोज जातं. रोज कुनीतरी गडग्याला चिकटलेलं असतं."

"किती आत जातं?" गुणाजीरावांनी पेन्सिल उचलत विचारलं.

तुळशीरामने टेबलावर हात आडवा ठेवला, कोपरापासून बोटांपर्यंत, मग पुन्हा एकदा. "दोन हात. तेवढी जागा असती तर काका पडले नसते."

गुणाजीरावांनी आकडा लिहून घेतला. मग वाद सुरू झाला, दिवेलागणीपर्यंत चालला. शेवटी सहा विरुद्ध पाच मतांनी ठरलं: वळणापासून पुलापर्यंत पट्टी करून बघायची, सहा महिन्यांपुरती.

त्याच्या कितीतरी आधी मालकांनी तुळशीरामला दारात गाठून मोटारीची चावी मागून घेतली होती.

धर्माजी ओट्यावरच होता. आतलं सगळं त्याला ऐकू आलं होतं. तुळशीराम त्याच्यासमोर उभा राहिला.

"काका, माझं चुकलं."

"म्हैनाभर," धर्माजी म्हणाला, "म्हैनाभर मी माझ्याच हाताला शिव्या घातल्या. तुला ठावं हुतं, आनि तू सकाळ-संध्याकाळ माझ्या दारावरनं मोटार नेलीस."

आवडाबाईने नवऱ्याला उठवलं. दोघं कोळीवाड्याकडे चालू लागली. धर्माजीने मागे वळून पाहिलं नाही.

पट्टी मार्गशीर्षात तयार झाली. पहिल्या दिवसांत तिच्यात शेळ्या बसायच्या, गाडीवाले बैल सोडायचे, आणि नगरपालिकेचा मुकादम त्यांना हाकलत फिरायचा. तुळशीरामला म्हसळ्यात भातगिरणीच्या ट्रकवर काम मिळालं होतं. एका सोमवारी तो त्याच आठच्या मोटारीने, मागच्या बाकावर बसून कामाला निघाला. स्टिअरिंगवर नवा माणूस होता.

वळणाच्या अलीकडे धर्माजी आपलीच सायकल धरून उभा दिसला. पाटी बांधलेली होती. मोटार जवळ येतेय हे त्याला ऐकू आलं असणार. त्याने एकदा मागे पाहिलं, पांढऱ्या दगडांकडे पाहिलं, आणि टांग मारून पट्टीत शिरला.

हॉर्न वाजला. मोटार वळायला लागली. तुळशीरामने पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी आवळली, खिडकीतून बाहेर डोकावला आणि मागच्या पत्र्याकडे कान देऊन बसला. पांढरे दगड एकामागून एक सरकत गेले. पाटी सरकत गेली. धर्माजीचं टोपीतलं डोकं सरकत गेलं, खाली घातलेलं, पुढच्या चाकावर नजर रोखलेलं.

काही आवाज झाला नाही. पूल आला तरी तुळशीरामच्या हातातली दांडी सुटत नव्हती.