धोट्या कुणाचं ऐकतो

रविवारी सकाळी सुरतेतल्या डिंडोलीतून हिलाल कुत्रं घेऊन कालव्याकडे निघाला, बायकोही बरोबर. आज कुत्र्याची परीक्षा होती आणि परीक्षक बायको, सरलाबाई होती.

लूमच्या खात्यात, कापडाच्या कारखान्यात, अठ्ठावीस वर्षं खडखडाटात उभा राहिलेला माणूस. शेठचे मजले वर चढत गेले, हिलालचं ऐकू येणं खाली उतरत गेलं. त्याचं सोयरसुतक कुणाला? उलट खात्यातले हसायचे, कुत्रं घेऊन फिरायला जातो म्हणे, शेठ झाला का? का, कालव्याकाठचा ऊस आणि त्यावरचं कोवळं ऊन काय शेठच्या बापाने विकत घेतलंय?

धोट्या पुढे पळत होता, मागावरच्या धोट्यासारखा, इकडून तिकडे. म्हणून तर ते नाव. परवा त्याने शेजारच्या शोभाबाईचे वाळत घातलेले पापड तुडवले. हाका मारून सरलाबाईचा घसा बसला, पण पठ्ठ्याने मान वळवली नाही. तिथेच तिने निकाल दिला. सोमवारी भाऊ वाल्मिक येतोय, कुत्रं त्याच्याबरोबर नवापूरला जाईल. रविवारी एकदा तरी माझं ऐकलं, तरच राहील.

"धोट्या, ये आठे," सरलाबाईने हाक मारली.

धोट्याने बगळे उडवले.

"तुमनावरच गयं हाई कुत्रं," ती हिलालकडे तोंड करून म्हणाली. तो तिचे ओठ वाचायचा. "तुमले आयकू येत नही, त्याले बी नही. ताट वाजनं का दोन्ही हजर."

"मला ताट दिसतं," हिलाल म्हणाला.

वळणावर मेंढ्यांचा कळप आला. धोट्याने कान टवकारले आणि सुटला. सरलाबाई ओरडत राहिली. मेंढपाळाने काठी उचलली.

हिलालचा हात आपोआप वर गेला, मूठ आवळून. खात्यात आवाज पोचत नाही, तिथे वर केलेली मूठ म्हणजे माग थांबव.

धोट्या जागच्या जागी बसला.

हिलालच चकित झाला. कुत्र्याला त्याने काही शिकवलं नव्हतं. घरी तो हातानेच बोलायचा, एवढंच. कुत्रं ते बघत होतं. बायकोला बघायला सवड कुठली.

"तुमनं आयकं, मन्हं नही," सरलाबाई अडून बसली. "परीक्षा मन्ही व्हती."

"मग तू कर. बोटं आत घे."

कळप गेला, धोट्या पुन्हा उधळला. सरलाबाईने बांगड्या मागे सारून मूठ वर केली. धोट्या बसला. आणि सवयीने हिलालही थांबला, एक पाय उचललेला तसाच.

सरलाबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"अठ्ठावीस वरीस उगाच घसा फोडा मी," ती म्हणाली. "वाल्मिकले फोन करा. ये म्हणा, पन कुत्रं भेटाव नही."

मग एक मूठ तशीच वर ठेवून ती दुसऱ्या हाताने बांधावरची बोरं तोडू लागली. पदर भरेपर्यंत तिने मूठ खाली घेतली नाही, आणि दोघंही हलले नाहीत.