खोटी हाक

चष्म्यांच्या दुकानात दिवसभर बारीक स्क्रू फिरवणारी बाई घरी येऊन पुन्हा बारीक तारा घेऊन बसते, हे तिच्या नणंदेला काही केल्या पटत नसे. "वहिनी, डोळे गेले की तुमच्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून याल," असं ती म्हणायची. नवऱ्याची तक्रार वेगळी. घरातल्या माणसाशी बोलायला हिला फुरसत नाही, आणि समुद्रापलीकडच्या कुणाशी हवापाण्याच्या गप्पा मारते.

पण चष्मेवालीचा जीव त्यातच रमायचा. रीतसर परीक्षा देऊन तिने हौशी रेडिओचा परवाना मिळवला होता. नळीच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळून, एकेक सांधा सोल्डर करून संच तिने स्वतः जोडला होता. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून कपडे वाळत घालायच्या खांबापर्यंत एरियल ताणलं होतं. खरखरीतून पहिल्यांदा माणसाचा आवाज उमटला, तेव्हा ती एकटीच हसत सुटली होती.

गावात अशा हौशी लोकांचा क्लब होता. त्याचे अध्यक्ष फरशीचे बडे व्यापारी. त्यांचा संच विकतचा, आरशासारखा लखलखीत. आत काय आहे हे त्यांनी कधी उघडून पाहिलं नव्हतं. फोटोत मात्र ते नेहमी मधोमध.

एका रविवारी दुपारी चष्मेवालीला बारीक आवाज ऐकू आला. होडीचं इंजिन बंद पडलंय, पाणी आत येतंय, आम्ही चौघं आहोत, दीपस्तंभाच्या पुढे आहोत.  तिने त्या माणसाला धीर दिला, ठिकाण पुन्हा विचारून घेतलं आणि बंदरावरच्या बचाव पथकाला फोन लावला. तेवढ्यात अध्यक्षांचा आवाज आला. आता सूत्रं मी हातात घेतो, बाकीच्यांनी मध्ये बोलू नये, असं त्यांनी बजावलं. ते इतक्या तत्परतेने कसे हजर झाले, हा प्रश्न तिला तेव्हा पडलाच नाही.

समुद्र खवळलेला होता. पथकाची बोट अंधार पडेपर्यंत शोधत राहिली. होडी सापडली नाही. परतताना बोट खडकावर आपटली आणि पथकातल्या एका खलाशाचा पाय मांडीत मोडला. होडी आपोआप सुरू होऊन किनाऱ्याला लागली, असं अध्यक्षांनी वर्तमानपत्राला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात क्लबात अध्यक्षांचा आणि तिचा सत्कार ठेवला. चष्मेवालीला पहिल्या रांगेत बसवलं होतं. चहा देता देता अध्यक्षांचा मेहुणा तिच्याशी बोलायला आला. "तुम्ही फार धीर दिलात हो," म्हणाला. तो 'र' जिभेखाली गिळायचा. चष्मेवालीच्या हातातला कप तसाच राहिला. हाच आवाज. हाच बुडत होता.

तिने अध्यक्षांना बाजूला घेऊन विचारलं. ते जराही चपापले नाहीत.

"अहो, सराव होता तो. आधी सांगितलं असतं तर खरा वाटला नसता. आणि नाव तुमचंही झालंच की."

"त्या माणसाचा पाय मोडलाय."

"त्याला मी फळं पाठवलीत."

 त्यांच्या कोटाला लावलेलं अत्तर, तोंडातली बिस्किटं, मेहुण्याचं ओशाळं हसू, सगळ्याचीच तिला किळस आली. हातात दिलेला फुलांचा गुच्छ तिने खुर्चीवर ठेवला आणि सगळ्यांसमोर उभं राहून शांतपणे सांगितलं, की ती हाक खोटी होती आणि ती कुणी मारली. मग ती तिथून निघाली. मागून कुणीतरी पुटपुटलं, की बाईने घरच्याच ताटात माती कालवली.

ती थेट रुग्णालयात गेली. खलाशाने सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. बोलली ती त्याची बायको.

"पुन्हा अशी हाक आली, तर फोन कराल का?"

"करेन."

"मग झालं," ती म्हणाली. पण तिचे डोळे कोरडे होते, आणि चष्मेवालीला तिथे बसवेना.

चौकशी झाली. अध्यक्षांचा परवाना गेला. मेहुण्याकडे तर परवाना नव्हताच. त्याला दंड झाला. क्लबातले निम्मे लोक चष्मेवालीशी बोलेनासे झाले. तिलाही संचासमोर बसलं की तो गिळलेला 'र' आठवायचा आणि ती बटण बंद करायची. बऱ्याच दिवसांनी तिने जुना सांधा उकलून नव्याने सोल्डर केला, तेव्हा कुठे हात पुन्हा वळू लागले.

पावसाळा सरता सरता एका सकाळी पुन्हा तशीच हाक आली. नाव उलटली होती, दोघं तिला धरून तरंगत होते, आणि एकाच्या हातात पाण्यात चालणारा छोटा संच होता. चष्मेवालीचा हात फोनकडे गेला आणि मध्येच थांबला. खरं असेल का हे?

क्षणभरच थांबला. मग तिने फोन केला. पथकाने दोघांना जिवंत बाहेर काढलं.

रात्री जेवताना नवरा कौतुकाने म्हणाला, की आज तुझ्यामुळे दोन घरं वाचली.  दोघं पाण्यात गटांगळ्या खात असताना आपण विचार करत थांबलो, आणि ती संशयाची सवय आपल्याला अध्यक्षांनी लावली, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. तिने ताट बाजूला सारलं आणि उठून हात धुतले.