टोळची जड खोली

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खोली आहे. खोली कसली, लोखंडी पेटीच म्हणा! एका लांब दांड्याच्या टोकाला मला टांगलं आहे. मैदानामागच्या या शेडमध्ये दांडा फिरू लागला की मीही गरगर फिरायचे आणि फिरता फिरता तिरकी व्हायचे. आतल्या माणसाला मात्र सगळं सरळच वाटायचं. फक्त त्याचं अंग दीडपट जड व्हायचं.

मला घडवलं एका फिटरने. त्याची एकुलती एक लेक उंच उडी मारायची. पाय हे एवढे लांब, म्हणून सगळे तिला टोळ म्हणायचे. मोठ्या संघात निवड व्हावी हे तिचं स्वप्न, आणि तिच्याहून जास्त तिच्या बापाचं. जड अंगाने सराव केला की बाहेर आल्यावर अंग आपसूक उडेल, असं त्याच्या डोक्यात बसलं. लोक हसले, पण त्याने भंगारातून मला उभं केलंच. पहिल्याच दिवशी टोळ आतून ओरडली, "बाबा, मी हत्ती झाले!" मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

माझ्यात नियम एकच होता. मी फिरत असताना मान वळवायची नाही. वळवली की डोकं गरगरायचं, पोटात ढवळायचं. फिटर बाहेरून भोंग्यावर बजावायचा, "टोळे, समोर बघ. कुणीही हाक मारू दे, मान वळवायची नाही." ती महाखट्याळ. मुद्दाम वळवायची आणि मग ओकाऱ्या काढत बसायची. हळूहळू शिकली बिचारी.

पुढे तिच्या पायांत खरंच जोर आला. मैदानावरची आडवी काठी वर वर सरकू लागली. "पाय जमिनीवर ठरतच नाहीत!" असं म्हणत ती बाहेर पडायची. लांबलांबून माणसं मला बघायला यायची आणि माझ्या पत्र्यावर शाबासकीची थाप मारायची.

आणि इथेच माशी शिंकली. घटकाभराच्या सरावाने इतका फायदा, तर दिवसभर आत ठेवली तर काय होईल, असं फिटरला वाटलं. मग टोळचं जेवण माझ्यात, अभ्यास माझ्यात, दुपारची झोपसुद्धा माझ्यातच! तिची आई शेडच्या दारात येऊन म्हणायची, "अहो, थकलेलं अंग विसाव्यानेच भरून येतं. तुम्ही तर पोरीचा विसावाही जड केलात!" तो म्हणायचा, "निवड होईपर्यंतच गं." पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

"बाबा, टाचेच्या वर फार दुखतंय," टोळ म्हणू लागली.

भोंगा म्हणायचा, "अंग तयार होतंय, बाळा. समोर बघ."

ती समोर बघत रडायची. माझ्यात अश्रूसुद्धा भरकन खाली पडायचे, मित्रांनो. मला थांबावंसं वाटायचं हो! पण माझं बटण माझ्या हातात थोडंच होतं?

निवडीच्या दिवशी मी शेडमध्येच होते. मैदानावरून टाळ्या ऐकू आल्या, आणि मग एकदम तिच्या आईची किंकाळी. झेप घेतानाच टोळचा टाचेमागचा स्नायुबंध तुटला होता. डॉक्टरांनी सांगितलं, चालता येईल, पण उडीचं आता विसरा.

बऱ्याच दिवसांनी ती कुबडी टेकत आपले बूट न्यायला आली. माझ्यात क्षणभर बसली, माझ्या पत्र्यावरून हात फिरवला. मला हुंदका देता आला असता तर दिला असता. फिटर दाराशी खाली मान घालून उभा होता. बूट घेऊन ती त्याच्या शेजारून निघून गेली.

"टोळे!" त्याने हाक मारली. "एकदा बघ ना गं माझ्याकडे."

ती थांबली. पण तिने मान वळवली नाही. समोर बघत तशीच निघून गेली.

"मीच शिकवलं तिला," असं म्हणत तो माझ्या पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, मेहनत जरूर करा. पण कुणी "दुखतंय" म्हणालं, तर आधी थांबा आणि ऐका. आता माझ्या दांड्याला गंज चढला आहे, मी फिरत नाही. माझ्यात कुणीही खुशाल मान वळवावी. पण आत कुणी नाही.