तासाला एक युनिट

लाँड्रीतल्या इस्त्रीच्या वाफेत सकाळपासून उकडून निघालेली मुलगी दुपारी दोन जिने चढून घरी आली, तेव्हा एसी पुन्हा बंद होता. तिचे वडील, अण्णा, पलंगावर घामाने निथळत पडले होते आणि झोपेचं सोंग घेत होते. सोंगसुद्धा धड जमत नव्हतं बिचाऱ्यांना.

"अण्णा, एसी कोणी बंद केला?"

"होतो आपोआप अधूनमधून."

आपोआप म्हणे! एसीचं बटण खिडकीपाशी, आणि पलंगावरून उठायची डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. मागे एकदा उन्हाच्या तडाख्यात अण्णांच्या छातीत असं काही धडधडलं, की मुलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुपारची खोली गार ठेवा आणि यांना हलू देऊ नका, डॉक्टरांनी बजावलं. म्हणून तिने जुना का होईना, एक टनाचा एसी खिडकीत बसवून घेतला. पण एसी आणणं वेगळं आणि तो युनिटअण्णांच्या घरात चालू ठेवणं वेगळं.

युनिटअण्णा हे गल्लीने ठेवलेलं नाव. घरोघर हिंडून विजेचे मीटर वाचण्यात अख्खी नोकरी सरली. रिटायर झाले तरी डोक्यातली आकडेमोड काही थांबली नाही. कॉम्प्रेसर घरघरला की यांचे ओठ हलायला लागायचे.

"तासाला एक युनिट ओढतो हा डबा. पंखे, दिवे, टीव्ही धरून आपलं घर दिवसभरात जेवढं खातं, तेवढं हा दुपारच्या दुपारी गिळतो."

"गिळू दे. बिल मी भरते ना?"

"बिलाचा प्रश्न नाही."

मग कशाचा, ते मात्र सांगायचे नाहीत. समजावून झालं, रागावून झालं, हात जोडून झाले. पाय सुजलेले, डोळे मिटायला आलेले, आणि घरी आल्यावर रोज हीच कटकट. आपण कामावर असताना हे एसी बंद करायला उठणार आणि एक दिवस खिडकीपाशीच कोसळणार, या धास्तीने तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. त्या दिवशी वैतागून तिने एक थाप ठोकून दिली.

"सांगायचं राहिलंच, अण्णा. आपला मीटर बंद पडलाय. आकडाच पुढे सरकत नाही. आता कितीही चालवा एसी."

दुसरा कोणी असता तर कुशीवर वळून निवांत झोपला असता. पण थाप मारली कोणाला, तर बंद मीटर हुडकण्यात हयात घालवलेल्या माणसाला! अण्णा ताडकन उठून बसले.

"कधीपासून?"

"झाले असतील चार-पाच दिवस."

"तक्रार दिलीस?"

"देईन की सवडीने."

"म्हणजे इतके दिवस फुकटची वीज वापरतोय आपण?" त्यांनी काठी ओढली. "चप्पल दे माझी. बघून येतो."

मीटर तळमजल्यावर, जिन्याखाली. मुलगी दाराला पाठ लावून उभी राहिली. अण्णा तिच्यापर्यंत पोचले खरे, पण तेवढ्यानेच त्यांना धाप लागली. चौकट धरून ते वाकले, तोंड पांढरंफटक पडलं. तिची गाळण उडाली.

"खोटं बोलले मी, अण्णा. चालू आहे मीटर, चांगला पळतोय. तुम्ही उठू नये म्हणून बोलले. दमले हो मी आता." आणि ती उभ्याउभ्याच रडायला लागली.

तिने त्यांना धरून पलंगावर आणलं, एसी लावला, पाणी पाजलं. श्वास जागेवर यायला बराच वेळ लागला. ती उठायला लागली तसं अण्णांनी विचारलं, "तू कुठे आडवी होतेस दुपारची?"

"स्वयंपाकघरात. नेहमीसारखी."

"तिथं का?"

"मी घोरते. तुमची झोप मोडते."

"अगं, तिकडे लाँड्रीत तू वाफेत उकडायचं, घरी आलीस की भिंतीपलीकडे भट्टीत भाजत पडायचं आणि इथं मी एकट्याने तासाला एक युनिट खायचं? डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या. बंद केला की जरा बरं वाटतं."

इतके दिवस मनातल्या मनात तिने त्यांना चिक्कू म्हणून घेतलं होतं. तिला फार वाईट वाटलं.

"मग तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"तुला कळेल असं वाटलं."

तिने स्वयंपाकघरातली सतरंजी आणून पलंगाशेजारी अंथरली आणि पाठ टेकली. फरशी गार होती. वरून अण्णा हिशेब मांडायला लागले. "आता बघ, एका युनिटात दोन माणसं. म्हणजे माणशी अर्धा. त्यात कॉम्प्रेसर मधेमधे थांबतो, तो वेळ वजा केला तर..."

खालून घोरणं ऐकू आलं. अण्णांनी बोलणं तिथेच सोडलं. पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या मुलीकडे ते पाहत राहिले, मग हळूच आपली चादर ओढून काढली आणि वाकता येईना म्हणून काठीच्या टोकाने तिच्या अंगावर सरकवली.