झाकण न उघडलेली ताटं

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात मावशींचा मोठा दरारा. माझ्या हातचं ताटात कधी उरत नाही, हे त्या इतक्यांदा सांगत की ऐकणाऱ्याचंच पोट भरावं. म्हणून पेशंटच्या आहाराची नोंद ठेवणारं नवं सॉफ्टवेअर आलं आणि आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांच्या हातात टॅब दिला, तेव्हा या वयात परीक्षेला बसवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

तसं शिकायला अवघड नव्हतं. खाटेचा नंबर निवडायचा, वाढलेले पदार्थ निवडायचे आणि ताट परत आलं की झाकण उघडून पाहायचं: सगळं खाल्लं, अर्धं खाल्लं, की काहीच नाही. प्रथिनांचा हिशेब टॅब आपला आपण करी. बाईंनी दोनदा समजावलं, मावशींनी दोन्ही वेळा "हो हो" केलं. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात मावशींचं नाव होतं, आणि उष्ट्या ताटाशेजारी आपलं नाव, ही कल्पनाच त्यांना झोंबली. 'म्हणजे माझ्या स्वयंपाकाचं प्रगतिपुस्तक हवंय यांना!'

मग त्यांनी युक्ती काढली. ताट वाढतानाच 'सगळं खाल्लं' दाबून मोकळं व्हायचं, आणि परत आलेलं ताट न उघडता तसंच धुणाऱ्या बाईकडे सरकवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"मावशी, तुम्ही तर पटकन तयार झालात!" आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या. मावशींना ते कौतुक गोडही लागलं, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक निवृत्त बसड्रायव्हर होते. पायाचं हाड मोडलेलं. सगळे त्यांना काका म्हणत. तोंडावर रुमाल धरून ते 'हं हं' करण्यापलीकडे बोलत नसत. खोकला असेल, असं सगळे धरून चालले होते. पाय सुधारला, पण काका मात्र खंगत चालले. डॉक्टरांनी टॅब पाहिला. माणूस रोज भरपेट जेवतोय आणि वजन उतरतंय, म्हणजे पोटातच काहीतरी दडलंय. घशातून नळी घालून तपासायचं ठरलं.

काकांची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात आली. डोळे रडून सुजलेले.

"मावशी, तुम्ही एवढं मायेने खाऊ घालता त्यांना, तरी अंगी लागत नाही हो. कॅन्सर असेल म्हणतात."

मावशींच्या हातातला झारा तसाच राहिला. गप्प बसलं तर कुणाला कळणार आहे, असं क्षणभर त्यांच्या मनात आलंच. त्या विचाराची त्यांना अशी शिसारी आली की त्या एप्रनसकट तपासणीच्या खोलीकडे धावत सुटल्या. मुलगी मागोमाग.

"थांबा, डॉक्टर! काका जेवलेत की नाही, मला माहीत नाही. मी न बघताच दाबत होते. रोज."

डॉक्टरांनी हातातली नळी खाली ठेवली. आहारतज्ज्ञ बाई तिथेच होत्या. त्यांनी टॅबवरच्या काकांच्या नोंदी एकेक करून खोडायला घेतल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, तुम्ही जेवत नव्हता?" डॉक्टरांनी विचारलं.

काकांनी रुमाल बाजूला केला. तोंडाचं पार बोळकं झालेलं.

"कवळी हरवली," ते मुलीची नजर चुकवत पुटपुटले. "आलो त्याच दिवशी. टोचत होती म्हणून कागदात गुंडाळून ताटात ठेवली, वर झाकण घातलं, अन् डोळा लागला. उठलो तर ताट गेलेलं. तू एवढ्या हौसेने करून दिलेली. तुला काय सांगू? नुसतं दूध पीत होतो."

मुलीने वडिलांचा हात हातात घेतला. मग ती मावशींकडे वळली. आवाजात राग नव्हता, तिला फक्त समजून घ्यायचं होतं.

"पण मावशी, ताट परत आल्यावर कुणी झाकण उघडून बघत नाही का?"

"बघतात," मावशी म्हणाल्या. "ते माझंच काम आहे."