गवंडी अळी

"भाऊजी, उभे कुठेही राहा, पण तुमची सावली माझ्या परातीत पाडू नका," ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या.

दीर दोन पावलं मागे सरकले. पॅन्टची इस्त्री सांभाळत सरकले, त्यामुळे त्यांना वेळ लागला.

बाई जलतपासणी खात्यात होत्या. तिथे पाणी तपासायला यंत्रं होती, पण बाईंचा भरवसा किड्यांवर. यंत्राला त्या घटकेचं पाणी कळतं, किडा तिथे नांदत असतो. घर कसं आहे हे पाहुण्याला विचारू नये, सुनेला विचारावं, असं त्या म्हणत. तळाशी जाळी आडवी धरायची, पुढचे दगड पायाने ढवळायचे, वाहून येईल ते पांढऱ्या परातीत ओतायचं आणि इथे कोण कोण राहतं ते बघायचं. दोन मुलं वाढवून, सासूचं दुखणं काढून बाईंनी जन्मभर हेच केलं होतं.

दीर नगरपालिकेत अभियंता. हा ओढा पाइपात घालून वर गाड्या लावायला जागा करायची, ही त्यांची लाडकी योजना. फक्त ओढा मेला आहे असा खात्याचा दाखला हवा होता. स्वच्छ पाण्यातला एक जरी जीव सापडला, तरी पाइप थांबणार होता. तपासणाऱ्या बाई अभियंत्याच्या सख्ख्या वहिनी, आणि दोघं एकाच घरात जेवतात, याची अडचण खात्यात कुणाला वाटली नाही. दुसरं कुणी पाण्यात उतरायला तयार नव्हतं.

"काय आहे?" दिरांनी विचारलं.

"जळवा. आणि हे लाल किडे. हे कुठेही राहतात, बिचाऱ्यांच्या काही अटी नसतात."

"म्हणजे मेलाच की ओढा."

"थांबा. खडा चालतोय."

परातीच्या कडेला बोटाच्या पेराएवढी खड्यांची नळी खरोखरच चालत होती. ती गवंडी अळी होती. बारीक कण एकमेकांना चिकटवून घर बांधते आणि ते पाठीवर घेऊन हिंडते. घाण पाण्यात ती पाऊल ठेवत नाही.

"भाऊजी, आहे. जिवंत आहे ओढा."

दिरांनी जाळीकडे बघितलं. मग म्हणाले, "वहिनी, जाळी धुतली होती का?"

सकाळी हीच जाळी वरच्या झऱ्यात घातली होती. तिथे या अळ्या चिकार. एका जागेची जाळी दुसरीकडे नेताना धुवायची, हा या कामातला पहिला धडा. पण येताना जीपमध्ये याच पाइपवरून दोघांचं असं जुंपलं, की बाई तावातावाने उतरल्या त्या थेट पाण्यात.

हो म्हटलं असतं तर विषय संपत होता.

"नाही धुतली," बाई म्हणाल्या.

"मग ही वरची पाहुणी धरायची."

"धरायची."

बाईंनी जाळी खसाखसा धुतली आणि पुन्हा उतरल्या. जळवा आल्या. लाल किडे आले. एक चमचा आला. जिंकलेल्या माणसाला येतो तसा उदारपणा दिरांना आला, आणि त्यांनी परातीपाशी बसून सहज भिंग डोळ्याला लावलं.

"वहिनी, ही निळी आहे."

"अळी?"

"घर. अहो, ही आपल्या बाथरूमची फरशी. मीच नाही का इथल्या कारखान्यातून आणलेली? तो बंद पडला, त्याचा फुटका माल इथेच तर टाकलाय पाण्यात. वर झऱ्यावर कुठली आलीय निळी फरशी, तिथे नुसती वाळू."

आपण काय बोललो, हे दिरांना वाक्य संपल्यावर कळलं.

बाई पाणी उडवत काठावर आल्या. "द्या, द्या ते भिंग. इथलीच हो ही. इथे जन्मली, इथे घर बांधलं."

"पण जोडकाम बघा ना. एक फट नाही. आमच्या कंत्राटदाराला आणून दाखवायला पाहिजे."

"योजना बुडाली की तुमची."

"बुडू द्या. सरका, मला नीट दिसत नाहीये." दीर बुटांसकट पाण्यात उभे होते.

बऱ्याच वेळाने बाईंनी पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली.

"तिला यात घालणार?"

"पुरावा लागतो."

"फोटो काढू की. नि देऊ सोडून."

"फोटोवर पाइप थांबत नाही, भाऊजी."

"एकच तर सापडली."

"सापडली एक. पण एकच अंडं घालून कुठली आई जाते का?" बाई म्हणाल्या. झाकण मात्र त्यांनी लगेच उघडलं नाही.

परतताना चालकाने नेहमीप्रमाणे जीप खड्ड्यांतून दामटली. दीर म्हणाले, "जरा हळू घ्या." बाईंनी बाटली दोन्ही हातांनी सरळ धरली होती. स्पिरिटमध्ये पडताच अळी घर सोडून बाहेर आली होती. आता ती वर तरंगत होती आणि निळं घर तळाशी होतं, रिकामं, कुठेही न तडकलेलं.